जळीत विभाग आणि निकामी होत चाललेली औषधे

(लिंबागणेश, जि. बीड येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी जो विषय मांडणार आहे तो पक्षाच्या बैठकीपेक्षा वैद्यकीय परिषदेत अधिक शोभला असता, असे काहींना वाटेल. परंतु भाजलेल्या बाईच्या खाटेशी आपल्यापैकी अनेक जण उभे राहिलेले आहेत. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकले, आणि त्या वाक्यामागचे सत्य बाहेर यावे म्हणून किती रात्री पोलीस ठाण्याच्या पायरीवर काढल्या! 1983 साली दंडसंहितेत 498-अ हे कलम आले, 1986 साली हुंडाबळीचे 304-ब आले. त्यामागे या देशातील स्त्री-चळवळीचा रेटा होता. तहसीलदाराला बोलावून आणायचे, मृत्युपूर्व जबानी नीट नोंदवून घ्यायची, सासरच्या माणसांना खाटेपासून दूर ठेवायचे, हे काम आपले कार्यकर्ते शिकले. ते आवश्यकच होते.

तथापि, जबानी झाल्यानंतर त्या बाईचे काय होते याकडे आपण पाहिले नाही. आपले आंदोलन ठाण्यापाशी थांबले आणि वॉर्डाच्या दारातून परत फिरले. आत जे घडते ते डॉक्टरांचे, असे आपण मानले. त्या दाराच्या आत काय घडते तेच मला आज सांगावयाचे आहे.

जबानी देते तेव्हा ती बाई बहुधा शुद्धीवर असते. पाणी मागते, धाकट्याला कोणी जेवू घातले का म्हणून विचारते. पहिले दोन-तीन दिवस सलाईनवर निभावतात आणि नातेवाइकांना आशा वाटू लागते. मग आठवड्याभरात ताप चढतो, पट्टीखाली हिरवट पू दिसू लागतो, त्याला एक विशिष्ट गोडसर वास असतो. बाई असंबद्ध बोलू लागते, लघवी कमी होते आणि बाराव्या-पंधराव्या दिवशी सारे संपते. दाखल्यावर ‘भाजल्यामुळे मृत्यू’ असे लिहिले जाते. वस्तुतः आगीतून ती वाचली होती. पहिले काही दिवस निभावलेले जे भाजलेले रुग्ण पुढे दगावतात, त्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण जंतुसंसर्ग हे आहे.

हे मृत्यू थोडेथोडके नाहीत. 2009 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2001 या एका वर्षात भारतात आगीमुळे 1 लाख 63 हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांपैकी 1 लाख 6 हजार स्त्रिया होत्या आणि त्यांतील बहुसंख्य 15 ते 34 या वयाच्या. पोलिसांच्या दप्तरी जेवढी नोंद होती त्याच्या सहापट हा आकडा होता.

कातडी ही शरीराची तटबंदी आहे. ती जळाली की खाली उरतो तो ओलसर, मृत थर, म्हणजे जंतूंना वाढून ठेवलेले ताट. त्या मृत थरात रक्तवाहिन्या शिल्लक नसल्याने शिरेतून दिलेले औषध तेथवर नीट पोहोचत नाही. म्हणूनच भाजल्याबरोबर, संसर्गाचे चिन्ह नसताना, ‘खबरदारी म्हणून’ इंजेक्शने सुरू करू नयेत असे जागतिक पातळीवरील तज्ज्ञांचे मत आहे. त्याने साधे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे तेवढे रिकाम्या रानात माजतात. आपल्याकडे मात्र इंजेक्शन न देणारा डॉक्टर नातेवाइकांना निष्काळजी वाटतो.

या जंतूंत दोन प्रमुख आहेत. स्युडोमोनास हा पाण्याचा, ओलीचा रहिवासी. बेसिन, नळाची तोटी, ओले फडके, बादली ही त्याची घरे. दुसरा असिनेटोबॅक्टर; तो खाटेच्या दांड्यावर कोरड्या अवस्थेतही आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. दोघांनाही एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जावयास पाय लागत नाहीत, आपले हात पुरतात. औषध फोडून टाकणारे द्रव्य तयार करण्याची विद्या एका जंतूने मिळवली की ती तो आपल्या वंशालाच नव्हे, शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. (जातीपातीच्या बाबतीत ते आपल्यापेक्षा पुढारलेले म्हणावयाचे!) 2008 साली, भारतात रुग्णालयीन उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या शरीरात असा एक जंतू सापडला. त्याच्या द्रव्याला नवी दिल्लीचे नाव दिले गेले तेव्हा आपल्या राज्यकर्त्यांनी मोठा संताप व्यक्त केला. 2011 साली त्याच दिल्लीच्या नळाच्या पाण्यात ती विद्या आढळली. नावावरून जेवढा गहजब झाला तेवढा पाण्यावरून झाला नाही.

आता आपल्या लिंबागणेशच्या एखाद्या बाईचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. प्रथम जवळचे आरोग्य केंद्र, तेथून मांजरसुंब्यावरून बीडचे जिल्हा रुग्णालय, तेथून अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी. एकेक मुक्कामी पट्टी सुटते, नवे हात लागतात, नवे औषध सुरू होते. शेवटच्या मुक्कामी ती पोहोचते तेव्हा आग तिने घरून आणलेली असते. जंतू वाटेत मिळालेले असतात.

मी स्वतः एका रुग्णालयात, त्याचे नाव येथे घेत नाही, एका भाजलेल्या मुलीजवळ नऊ रात्री बसलो होतो. रात्रपाळीला एक परिचारिका आणि तीसहून अधिक रुग्ण. वॉर्डातील एकुलत्या एक नळाला पाणी पहाटे तासभर. ती परिचारिका पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत पट्ट्या बदलत जाई. हात धुवायचे ते कोठे आणि कधी? मी तिला दोष देऊ शकलो नाही, आजही देत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एका इंजेक्शनची चिठ्ठी हाती दिली. मुलीच्या बापाने ते बाहेरच्या दुकानातून आणले, त्यासाठी मुकादमाकडून उचल वाढवून घेतली. पुढे आणखी महागडे, त्यानंतर शेवटचे म्हणून कोलिस्टिन. हे कोलिस्टिन मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून डॉक्टरांनी कित्येक वर्षे बाजूला ठेवलेले जुने औषध आहे; नवी चालेनाशी झाली म्हणून त्याला पुन्हा बाहेर काढले गेले. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून तेच त्यांच्या खाद्यातही घातले जात होते; 2019 साली केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. मुलगी गेली. उचल राहिली, ती फेडण्यासाठी बाप पुढचे दोन हंगाम ऊस तोडत होता.

मित्रहो, माझा मुद्दा एवढाच आहे. हात धुण्यास पाणी नाही, परिचारिकेची जागा भरलेली नाही, दोन खाटांत अंतर नाही. या साऱ्या उणिवा आपण गेली पन्नास-साठ वर्षे प्रतिजैविकांच्या बाटलीने बुजवीत आलो. ते स्वस्त पडत होते, आणि त्याचे बिल सरकारच्या नव्हे, रोग्याच्या नावावर निघत होते. आता बाटलीतले औषधच चालेनासे झाल्यावर उणिवा उघड्या पडल्या आहेत. मराठवाड्यात तर पाण्यापासून सुरुवात आहे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी आपण मोर्चे काढले, रुग्णालयाच्या पाण्यासाठी एकही काढल्याचे मला आठवत नाही.

नवी औषधे निघतील आणि प्रश्न सुटेल, असे कोणी म्हणेल. बाजारावर विसंबणाऱ्यांनी अमेरिकेतील अकाओजेन या कंपनीची हकीकत पाहावी. 2018 च्या जूनमध्ये तिच्या नव्या प्रतिजैविकाला मान्यता मिळाली. 2019 च्या एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. औषध वाईट नव्हते. जे औषध जपून, थोड्या दिवसांपुरते वापरावयाचे, त्यात मधुमेहाच्या गोळीसारखा जन्मभराचा नफा नाही, एवढेच. मोठ्या कंपन्यांपैकी कित्येकांनी या संशोधनातून अंग काढून घेतले आहे. याच महाराष्ट्रात 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने उभा राहिला. त्याने देशाला पेनिसिलीन दिले, आणि पिंपरीच्याच मातीतील सूक्ष्मजीवापासून हमायसिन हे बुरशीवरील औषध शोधून काढले. पुढे तो आजारी उद्योगांच्या यादीत गेला. तो कसा आजारी पडला हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

निराश होऊ नये अशीही उदाहरणे आहेत, आणि तीही आपल्याच राज्यातील, सार्वजनिक व धर्मादाय रुग्णालयांतील. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर बसवून भाजलेल्या जखमा झाकल्या. जखम ओलसर राहते, पट्टी चिकटत नाही, मूल किंचाळत नाही. साल जंतूंना मारत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे तपासून सांगितले. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांची पट्टी वापरली व तिचे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध केले. त्याच रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दान केलेली कातडी ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत टिकते, तिला रक्तगट जुळावा लागत नाही, आणि ती जखमेवर बसली की तटबंदी तात्पुरती तरी उभी राहते. जंतूला रोखावयाचे ते मुख्यतः असे: मृत थर लवकर काढणे, जखम झाकणे आणि हात धुणे. हे सारे माणसांचे काम आहे, आणि माणसे नेमावी लागतात.

तेव्हा यापुढे जबानी नोंदवून झाल्यावर आपल्या कार्यकर्त्याने परत फिरू नये. वॉर्डात रात्री किती परिचारिका आहेत, नळाला पाणी किती तास आहे, पुवाची प्रयोगशाळेत तपासणी करून औषध निवडले की अंदाजाने, हे विचारावे. उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठका होतात की कागदावर उरकतात, ते पाहावे. 2014 पासून प्रभावी प्रतिजैविकांपैकी अनेक औषधे विकताना दुकानदाराने स्वतंत्र नोंद ठेवणे एच-1 परिशिष्टानुसार बंधनकारक आहे. आपल्या बाजारपेठेतील दुकानांत ती वही आहे का? आणि हे विचारताना परिचारिकांच्या संघटनेला आपल्या बाजूला ठेवा, समोर नव्हे.

शेवटी एक तातडीचे. हंगाम आला की टोळ्या कारखान्यांवर निघतील. पाचटाच्या कोपीत, तीन दगडांच्या चुलीवर पहाटे तीनला भाकरी थापल्या जातात. लुगड्याचा पदर आणि पाचट दोन्ही पेट घेतात. त्या आधी प्रत्येक मुकादमाला गाठून चुलीजवळ पाण्याचे एक पिंप ठेवावयास लावा. भाजले तर वीस मिनिटे साधे पाणी ओतत राहायचे. टूथपेस्ट नाही, शाई नाही, राख तर नाहीच. कोणत्या टोळीकडे कोण जाणार, ती वाटणी आपण चहानंतर करू.