शेवटी बोलावलेली माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'मी डिझाइनर आहे' असं सांगितलं की वसईत मला हमखास विचारलं जातं, 'ड्रेसच्या की घराच्या?' दोन्ही नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. घरातल्या लग्नासाठी फुकट सल्ला मिळण्याची आशा मावळलेली असते! मग मी विरारच्या गाडीचं उदाहरण देते. 2007 च्या नोव्हेंबरात पश्चिम रेल्वेवर पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या नव्या लोकल धावू लागल्या. जो तो त्या रंगाबद्दल बोलत होता. पण त्या गाडीतली खरी नवी गोष्ट छतात होती, बाहेरची हवा डब्यात ढकलणारी यंत्रणा. तुडुंब भरलेल्या डब्यात माणसांच्या श्वासानेच हवा कोंदते, हे कुणीतरी गाडी कागदावर असतानाच लक्षात घेतलं होतं. रंग शेवटी देता येतो, हवेची सोय शेवटी करता येत नाही. माझा व्यवसाय या हवेचा आहे, पण मला बोलावणं यायचं ते बहुतेक वेळा रंगासाठी.

घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी सोळा वर्षं काढली. त्यातली शेवटची सहा वर्षं डिझाइन विभागाची प्रमुख होते. आता कंपनीत वस्तू कशी जन्माला येते ते थोडक्यात सांगते. मिक्सर, इस्त्री, पंखा, काहीही घ्या. विक्री विभाग म्हणतो, अमुक किमतीची वस्तू हवी. प्रॉडक्शनवाले म्हणतात, मग मोटर ही आणि आकार हा. प्लास्टिकचे भाग साच्यातून निघतात, साचा पोलादाचा असतो आणि एकेका साच्याला लाखो रुपये लागतात. हे पोलाद आणखी कोरता येतं, पण कोरलेलं भरून काढायचं म्हणजे वेल्डिंग आलं, पुन्हा घासकाम आलं, आणि एवढं करून वस्तूवर डाग उमटण्याची धास्ती आलीच. म्हणजे साचा कापायला घेतला की त्या वस्तूचं नशीब ठरलं. आणि डिझाइन विभागाचा फोन वाजतो तो नेमका या सुमारास. 'मॅडम, जरा चांगलं दिसेल असं करा.' तोवर आमच्या हाती उरलेलं असतं बटणाचं झाकण, रंग आणि खोका.

हे चालूनही गेलं असतं. पण 2009 साली मंदीच्या तडाख्यात कंपनीने माणसं कमी करायला घेतली. प्रत्येक विभागाला विचारलं गेलं, कुणाशिवाय तुमचं काम अडेल? प्रॉडक्शनने आपली माणसं सांगितली, विक्रीने आपली सांगितली. आमच्या विभागात अकरा जण होते. त्यांच्यापैकी एकाचंही नाव दुसऱ्या कुठल्या विभागातून आलं नाही. आकस कुणाचाच नव्हता. ही मुलं नेमकं करतात काय, हेच कुणाला सांगता आलं नसतं. मी खूप भांडले, त्यातून सहा जण राहिले. पाच जण गेले. त्यातला एक विरारचा, आमच्याच गाडीने येणारा. त्याने आकार दिलेली इस्त्री तेव्हा बाजारात जोरात खपत होती आणि तो नालासोपाऱ्यात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स बनवून देऊ लागला होता.

त्या पाचही जणांचा हात उत्तम होता, म्हणजे दोष हातात नव्हता. मग कशात होता, ते मला एका मिक्सरने शिकवलं.

मोटर जळाल्याच्या तक्रारी सारख्या येत होत्या आणि सर्व्हिसवाल्यांना कारण सापडत नव्हतं. मी म्हटलं, लोक मिक्सर कसा वापरतात ते घरी जाऊन बघू या. त्यासाठीच्या प्रवासखर्चाचा कागद नामंजूर होऊन परत आला. गिऱ्हाईक समजून घ्यायला मार्केटिंग आहे, असा शेरा होता. तेव्हा प्रॉडक्शनचे एक वरिष्ठ साहेब रविवारी विरारला नातेवाइकांकडे यायचे होते. मी त्यांना म्हटलं, वाटेत नालासोपाऱ्याला उतरा, तासाभराचं काम आहे. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या घरी आम्ही गेलो. एक खोली, एका भिंतीला लागून ओटा, त्यावर शेगडी आणि पाण्याचं पिंप. ओट्यावर मिक्सरला जागाच नाही. तो माळ्यावर. रोज पहाटे पाचला स्टुलावर चढून काढायचा, वाटण झालं की परत वर ठेवायचा, कारण सहाची गाडी गाठायची असते. मिक्सर खाली आला तो जमिनीवर, आणि त्याच्याखाली बाईंनी चौपदरी घडी करून एक जुना टॉवेल घातला.

साहेबांनी विचारलं, "टॉवेल कशाला?"

"पोरं उठतात ना हो आवाजाने. दोघांची शाळा दुपारची आहे."

साहेबांनी मिक्सर उचलला, उलटा केला आणि बघत राहिले. मोटरला हवा मिळावी म्हणून ठेवलेल्या फटी सगळ्या तळाला होत्या. टॉवेलने त्या बंद व्हायच्या आणि मोटर तापायची. बाईंना बिचाऱ्यांना वाटलं, आपल्यालाच काही बोलणार. साहेब एवढंच म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. फटी बाजूला पाहिजेत." दोन दिवसांनी कंपनीच्या बैठकीत हा विषय त्यांनीच काढला, टॉवेलसकट. पुढच्या साच्यात फटी बाजूला आल्या, पायांना जाड रबर आलं आणि उचलायला खोबण आली. मी जाऊन अहवाल लिहिला असता, तर तो फायलीत छान दिसला असता. बदल झाला तो निर्णय घेणारा माणूस त्या जमिनीवर उकिडवा बसला म्हणून.

त्यानंतर मला स्वतःच्या वस्तू करण्यापेक्षा हेच काम करावंसं वाटू लागलं. कंपन्यांमधल्या डिझाइनच्या मुलांना हत्यारं द्यायची. चित्र काढायची हत्यारं त्यांच्याकडे असतातच. आपलं म्हणणं वेळेवर आणि योग्य माणसापर्यंत पोहोचवायची हत्यारं त्यांच्याकडे नसतात. 2011 साली मी राजीनामा दिला. वय चव्वेचाळीस, घराच्या कर्जाची आठ वर्षं बाकी. सासूबाईंनी विचारलं, "अगं, म्हणजे आता तू शिकवणी घेणार का?" बऱ्यापैकी खरं होतं ते. पहिल्या वर्षात दोनच कामं मिळाली आणि घर यांच्या पगारावर चाललं.

या वाटेने मोठी माणसं आधी चालून गेली आहेत, याचा मला तेव्हा फार आधार वाटला. प्रा. सुधाकर नाडकर्णी जे. जे.मधून शिकून जर्मनीतल्या उल्मच्या गाजलेल्या डिझाइन शाळेत गेले. मुंबईसाठी दूधविक्रीचं केंद्र हा तिथला त्यांचा विद्यार्थिदशेतला प्रकल्प. अशा माणसाने आयुष्यभर वस्तू केल्या असत्या तरी नाव झालं असतं. त्यांनी 1969 साली पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र उभं केलं, पुढे गुवाहाटीच्या आयआयटीत डिझाइन विभाग घडवला आणि नंतर वेलिंगकर संस्थेत व्यवस्थापनाच्या मुलांना डिझाइन शिकवायचा अभ्यासक्रम रुजवला. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व मला कंपनीत राहून कळलं. डिझाइनर घडवून भागत नाही, त्यांचं ऐकून घेणारे मॅनेजरही घडवावे लागतात.

दुसरे र. कृ. जोशी. 'उल्का' या जाहिरात संस्थेत वीसेक वर्षं काढलेला हा कलावंत पुढे आयआयटीत शिकवू लागला आणि नंतर सरकारी संगणक संस्थेत जाऊन भारतीय लिप्यांच्या मागे लागला. विंडोज 2000 बरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फॉण्ट त्यांचा. संगणकावर मराठी वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने तो पाहिला आहे आणि त्यातल्या फार थोड्यांना तो कुणाचा हे ठाऊक आहे. सही न करता काम करायचं म्हणजे काय, ते 2008 साली गेलेल्या या माणसाकडून शिकावं.

तिसरं नाव परदेशातलं. 1956 साली आयबीएमच्या थॉमस वॉटसन धाकटे यांनी इलियट नॉइस या वास्तुविशारदाला कंपनीच्या साऱ्या डिझाइनची सूत्रं दिली. नॉइसने कंपनीची नोकरी पत्करली नाही, बाहेरचा सल्लागार म्हणूनच राहिला. नोकरदार झाला असता तर एका विभागात अडकला असता. बाहेर राहिल्यामुळे तो थेट वरच्या माणसाशी बोलू शकला. त्याने पॉल रँडकडून बोधचिन्ह करून घेतलं, चार्ल्स ईम्सला प्रदर्शनं आणि चित्रपट दिले आणि कंपनीच्या ठिकठिकाणच्या डिझाइन गटांना एक शिस्त लावली. हाच ईम्स, ज्याच्या 1958 च्या अहवालातून आपल्याकडे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

मी करते काय? एखाद्या कंपनीच्या डिझाइन गटाबरोबर सहा-आठ महिने बसते. पहिला महिना त्यांना चित्रं काढू देत नाही, त्याचा त्यांना फार राग येतो. त्याऐवजी त्यांना हिशेब विभागात बसवते. साच्याचा खर्च किती नगांवर वाटला जातो, एका स्क्रूने जुळणीचा वेळ किती वाढतो, सर्व्हिसचा एक फेरा कंपनीला कितीला पडतो, हे त्यांनी स्वतः काढायचं. 'हे सुंदर आहे' या वाक्यावर बैठकीत कुणी काही बोलत नाही. 'यात चार स्क्रू वाचतात' म्हटलं की सगळे माना वर करतात. दुसरं म्हणजे एक साधी वही. आपली कुठली सूचना कधी, कुणी, काय कारणाने नाकारली ते तिच्यात लिहायचं. वर्षभराने ती वही आणि तक्रारींची फाइल शेजारी ठेवून वाचायची. मी पाहिलेल्या कंपन्यांत एवढं वाचल्यावर डिझाइन गटाला पहिल्या बैठकीचं बोलावणं कसं गेलं नाही, हा प्रश्न वरच्यांनीच विचारला आहे.

अलीकडे 'डिझाइन थिंकिंग'ची दोन दिवसांची शिबिरं फार निघाली आहेत. लोणावळ्याच्या हॉटेलात भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या, शेवटी सामूहिक फोटो. माझं मत कडवट वाटेल, पण सोमवारी त्या चिठ्ठ्या झाडूवाल्याच्या सुपात जातात आणि साचा ठरला तसाच कापला जातो. आमच्या पाचूबंदरला लाकडी होडी बांधायला काढली की तिथे डिझाइन विभाग नसतो आणि चिठ्ठ्याही नसतात. पण जो ती समुद्रात नेणार तो नाखवा सांगाडा उभा राहत असताना सुताराच्या शेजारी उभा असतो, नको तिथे बोटसुद्धा घालतो. कंपन्यांना पुन्हा शिकवायचंय ते हेच, आणि त्याला दोन दिवस पुरत नाहीत.

एक गोष्ट जाते, ती सांगितली पाहिजे. बाजारात दुकानाच्या काचेत दिसणारी, 'ही माझी' म्हणता येईल अशी वस्तू 2011 नंतर माझ्याकडे एकही नाही. सुरुवातीला हात शिवशिवायचे. अजूनही एखाद्या मुलाचं चित्र पाहून पेन्सिल उचलावीशी वाटते, तेव्हा मी हात पदराखाली ठेवते.

सध्या मी घराजवळच काम करते आहे, याचं मला विशेष वाटतं. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात गाळ्यागाळ्यांतून प्लास्टिकचं मोल्डिंग चालतं. यातले बरेच जण दुसऱ्याच्या नावाने माल बनवतात. नमुना येतो, तसा काढून द्यायचा. आमची मुलं डिझाइन शिकतात आणि सकाळी चर्चगेटची गाडी पकडतात, कारण इथे त्यांना टेबल नाही. वालीवच्या एका गाळ्याच्या मालकाने गेल्या वर्षी दोन मुलींना कामावर घेतलं. डब्यांची झाकणं बनवणारा कारखाना आहे. ते मला म्हणाले, "या दोघींना काय काम सांगायचं, तेच मला कळत नाही." मी म्हटलं, त्यांना सांगू नका, त्या सांगतील ते महिनाभर ऐका. आणि तुमच्या टूलरूमच्या फिटरना आठवड्यातून एक दिवस त्यांच्याबरोबर लोकांच्या घरी पाठवा. फिटरमामा तीस वर्षं साचे घासतायत. पहिल्या आठवड्यात कुरकुरले. दुसऱ्या आठवड्यात आगाशीच्या एका घरात म्हाताऱ्या आजींना आपलंच झाकण दातांनी उघडताना त्यांनी पाहिलं. परत आले ते थेट मालकांच्या टेबलाशी गेले. पुढच्या झाकणाचा साचा कापायला घेतला होता, तो त्यांनी थांबवायला लावला. नऊ दिवस काम थांबलं आहे. मालक रोज मला फोन करून विचारतात, अजून किती दिवस? मी म्हणते, मुलींना विचारा.