हिशेबाची वही घेऊन संसदेत



मघाशी बक्षिसं देताना मी दहावीच्या काही मुलांना विचारलं, पुढे काय करणार? विज्ञान घेणारी मुलं ताठ मानेनं बोलली. कॉमर्स म्हणणाऱ्या एका मुलीनं मात्र खाली बघत सांगितलं, "टक्के कमी पडले तर कॉमर्स." मी स्वतः चार्टर्ड अकाउंटंट आहे. तिचं ते वाक्य मला लागलं. म्हणून इथे बोलायचं ठरवून आणलेलं बाजूला ठेवतो आणि कॉमर्सच्या वाटेनं दिल्लीला पोचलेल्या एका माणसाबद्दल बोलतो.

त्यांचं नाव सुरेश प्रभू. जन्म 1953 सालचा, मुंबईचा. कायद्याचं शिक्षण घेतलं, चार्टर्ड अकाउंटंट झाले, पुढे सारस्वत बँकेचे अध्यक्षही झाले. 1996 साली कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले आणि 1998, 1999, 2004 असे सलग चार वेळा निवडून येत राहिले. आधी शिवसेना, 2014 पासून भारतीय जनता पक्ष. पक्षाबद्दल मी इथे काही बोलणार नाही, तुमच्या घरी त्याबद्दल ज्याची त्याची मतं असतील. मला बोलायचं आहे ते त्यांच्या कामातल्या हिशेबाबद्दल.

याच राजापूरमधून 1971 पासून पाच वेळा निवडून आले होते प्राध्यापक मधु दंडवते. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. 1977 साली रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आणल्या. एका मतदारसंघातून निवडून आलेले दोघे पुढे रेल्वेमंत्री झाले, एक पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आणि एक, म्हणजे प्रभू, हिशेब तपासणारा. पुढे काय शिकावं या काळजीत असलेल्या पालकांनी ही जोडी जरूर ध्यानात ठेवावी.

प्रभूंचं सगळ्यात भरीव काम मला विचाराल तर रेल्वेतलं नाही, विजेतलं आहे. सन 2000 मध्ये ते केंद्रात ऊर्जामंत्री झाले, तेव्हा राज्यांची वीज मंडळं कर्जात बुडाली होती. केंद्राच्या वीज आणि कोळसा कंपन्यांचे 40,000 कोटी रुपयांहून जास्त त्यांनी थकवले होते. आपल्या महाराष्ट्रात दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाची महागडी वीज परवडेना, म्हणून 2001 मध्ये मंडळानं ती घेणं बंद केलं आणि प्रकल्प ठप्प झाला. त्या काळात जो तो म्हणायचा, वीज कमी पडते, नवी वीजकेंद्रं बांधा. हिशेब जाणणारा माणूस आधी दुसरं विचारतो. तयार झालेल्या विजेपैकी किती विजेचं बिल निघालं? निघालेल्या बिलांपैकी पैसे किती आले? हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडले, की मधली वीज कुठे गळते आणि कुठे चोरीला जाते ते दिसायला लागतं. पण आकडे मांडायला मीटर हवेत, आणि उपकेंद्रातून वीज नेणाऱ्या वाहिन्यांवर, म्हणजे फीडरवर, मीटर नसतील तर कुणालाच जाब विचारता येत नाही. वितरणात सुधारणा करणाऱ्या राज्यांना केंद्राकडून पैसा मिळेल असा कार्यक्रम याच सुमारास सुरू झाला. मीटर बसवणं हा त्यातला पायाचा भाग होता. मीटरचं उद्घाटन करायला कुणी फीत कापत नाही. तरी मला ते काम धरणाच्या भिंतीइतकंच मोलाचं वाटतं.

नव्या वीज कायद्याचं विधेयक 2001 मध्ये प्रभूंनी लोकसभेत मांडलं. ऑगस्ट 2002 मध्ये पक्षाच्या निर्णयानुसार त्यांनी मंत्रिपद सोडलं. कायदा पुरा झाला 2003 मध्ये, अनंत गीते ऊर्जामंत्री असताना. त्या कायद्यानुसार 2005 मध्ये आपलं राज्य वीज मंडळ विभागलं गेलं. तुमच्या घरी येणाऱ्या बिलावर महावितरणचं नाव असतं, ते त्यामुळे. फ्रिजवर तारे छापलेलं लेबल असतं ना? ज्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून ते आलं, तो 2001 चा कायदाही प्रभूंच्याच कारकिर्दीतला.

2009 मध्ये ते निवडणूक हरले. नोव्हेंबर 2014 मध्ये रेल्वेमंत्री झाले. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांनी पहिला रेल्वे अर्थसंकल्प मांडला आणि त्यात एकाही नव्या गाडीची घोषणा केली नाही. बदलापूर, अंबरनाथला रोज लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या आपल्या लोकांना ते रुचलं नसणार. पण त्या आधी वर्षानुवर्षं गाड्या जाहीर होत गेल्या आणि रूळ मात्र त्या मानानं वाढले नाहीत. आहे ते काम आधी पुरं करू, असं भर सभागृहात सांगायला धैर्य लागतं.

त्यांनी रेल्वेच्या हिशेबाची पद्धत बदलायलाही घेतली. समजा, तुमच्या आईनं वाण्याकडून महिनाभर उधारीवर किराणा आणला. हातातली रोकड मोजली तर वाटतं, खर्च झालाच नाही. पण घर चालवणारी बाई ती उधारी मनात धरूनच पुढचा महिना आखते. रेल्वेची वही वर्षानुवर्षं फक्त रोकड मोजत आली होती. देणं किती, रूळ आणि डबे झिजून त्यांची किंमत किती उतरली, हे तिच्यात नीट दिसत नव्हतं. ते दिसावं म्हणून राजस्थानातल्या अजमेर विभागात नव्या पद्धतीचा प्रयोग झाला. 1924 पासून वेगळा मांडला जाणारा रेल्वे अर्थसंकल्पही त्यांच्याच काळात मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. 2016-17 मध्ये रेल्वेला शंभर रुपये मिळवायला साडेशहाण्णव रुपये खर्च येत होता. नोव्हेंबर 2016 मध्ये कानपूरजवळ पुखरायां इथे इंदूर-पाटणा एक्सप्रेस रुळांवरून घसरली आणि सुमारे दीडशे माणसं गेली. ऑगस्ट 2017 मध्ये चार दिवसांत दोन अपघात झाले. प्रभूंनी नैतिक जबाबदारी घेतली आणि सप्टेंबरात रेल्वे खातं सोडून ते वाणिज्य खात्यात गेले. वही चोख असली म्हणून तुटलेला रूळ जोडला जात नाही. मात्र झिजलेल्या रुळांसाठी दरवर्षी पैसा बाजूला टाकला की नाही, हे वहीतच कळतं. म्हणून मी त्यांच्या कामाला अपुरं म्हणेन, पण चुकीच्या दिशेचं कधीच म्हणणार नाही.

असा माणूस फक्त आपल्याकडे झाला असंही नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात कॅसिएल अटो फोर्सन नावाचे चार्टर्ड अकाउंटंट 2009 मध्ये संसदेत गेले आणि 2025 मध्ये अर्थमंत्री झाले. सरकारचा जमाखर्च वाचता येणारी माणसं सभागृहात लागतात, ही गरज तिथेही आहे आणि इथेही.

आपल्या संसदेत लोकलेखा समिती असते. महालेखापरीक्षकांचे अहवाल ती तपासते, आणि 1967 पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. पण मुलांनो, एवढ्या लांब दिल्लीपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शुद्ध झालेलं पाणी कितीतरी शहरांना जातं. त्या पाण्याचा दर कसा ठरतो, थकबाकी किती आहे, आपल्या गावाला त्यातून काय मिळतं, हे प्रश्न आठवी-नववीच्या मुलांनी शिक्षकांना विचारावेत. शिक्षकांनीही ते गणिताच्या तासाला घ्यावेत.

आणि मघाच्या त्या मुलीला सांगतो. बाळ, टक्के कितीही पडोत, तुला आवडत असेल तर कॉमर्स घे, मान वर करून घे. पुढे चार्टर्ड अकाउंटंट व्हायचं ठरवलंस तर ती परीक्षा अवघड आहे, नापास होणारे पुष्कळ असतात, चिकाटी लागते. पुस्तकांची किंवा मार्गदर्शनाची अडचण आली तर बदलापुरात माझ्या कार्यालयात ये, आईवडिलांना घेऊन ये.

पालकांनो, येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेला स्वतः जा आणि या मुलांनाही शेजारी बसवा. जमाखर्च वाचला जाईल तेव्हा उठून जाऊ नका. तो नीट वाचून दाखवा असा आग्रह धरा आणि न कळलेली प्रत्येक रक्कम विचारा.