परसातलं सीताफळ

पेकन नावाचा अक्रोडाच्या जातीतला मेवा परसात लावावा का, असं आता कुणी कुणी विचारतं. त्याला हिवाळ्यात थंडी लागते. आपल्या हवेत त्याच्या नादी लागू नका. आपलं झाड सीताफळ. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय.

तुम्ही म्हणाल, डोंगरात फुकट येतं ते दारात कशाला? डोंगरातलं फळ दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून सगळेच कच्चं तोडतात, आणि कच्च्याला व्यापारी काय भाव देणार! दारातलं झाड आपल्या ताब्यात. फळाचे डोळे उघडले, मधल्या खाचा पांढुरक्या-पिवळसर झाल्या, की तोडायचं.

दुसरं म्हणजे आपली ऊसतोड. टोळी निघाली की घराला सहा महिने कुलूप. पपई-केळी पाण्यावाचून जगेल का? सीताफळ मात्र हिवाळा सरता सरता पानं गाळतं आणि उन्हाळाभर झोपतं. पावसाला फुटतं, फुलतं, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास फळ देतं. शेळीही त्याच्या पानाला तोंड लावत नाही. पहिले दोन उन्हाळे तेवढं बुडाशी पाचट पसरा आणि घरी राहणाऱ्या सासूबाईंना आठवड्याला घागरभर पाणी घालायला सांगा.

बी रात्रभर भिजवून पिशवीत लावा. उगवायला महिनाभर लागतो, धीर धरा. रोप पावसाळ्यात लावा, पाणी साचतं तिथं नको. कलम हवं असेल तर अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रात धारूर-६ जातीची चौकशी करा. फळावर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्या आवरा, त्याच त्याला पसरवतात.

बचतगटाच्या बायांनो, गर चुलीवर आटवू नका, कडू होतो. बासुंदी गार करून मग त्यात गर घाला.

आणि एक, हे नीट ऐका. उवा मराव्यात म्हणून बियांची पूड पोरींच्या डोक्याला लावतात. ती बंद करा. डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, नजर जाऊ शकते. चुकून गेलीच, तर चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ डोळ्यावर सोडा आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या.