वंशावळींचा शोध आणि इतिहासाचार्य राजवाडे

(भिवंडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



भिवंडीचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. परंतु याच तालुक्यातील भादाणे गावाच्या दानाचे ताम्रपट उपलब्ध आहेत आणि त्यांवर शके ९१९, म्हणजे इ.स. ९९७ हा काळ कोरलेला आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपराजित याने लोनाडच्या लोणादित्य देवाला हे गाव दिले, असा त्याचा आशय. गंमत अशी की दान देणाऱ्याच्या कुळाची हकीकत त्यात आधी येत नाही. आधी येते ती राष्ट्रकूटांची वंशावळ. शिलाहार हे त्यांचे मांडलिक. ते साम्राज्य तैलप चालुक्याने इ.स. ९७३ मध्येच बुडवले होते. जे घराणे आता काही देऊ शकत नव्हते आणि काही हिरावूनही घेऊ शकत नव्हते, त्याची नावे अपराजिताने पिढीमागून पिढी कोरून घेतली. त्या वैभवाची आता आठवणच तेवढी उरली, अशी खंतही नोंदवली आणि मग स्वतःच्या कुळाकडे वळला.

ज्या भूमीत हजार वर्षांपूर्वी कृतज्ञतेने वंशावळी कोरल्या गेल्या, त्या भूमीत वंशावळींसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाचे स्मरण करणे उचित होईल. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा, पेण तालुक्यातील वरसईचा, म्हणजे कोकणातलाच. पत्नी अकाली निवर्तली, त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. डेक्कन कॉलेजचा हा पदवीधर चाकरीत रमला नाही; हाताने स्वयंपाक करून जेवणारा आणि गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरची बासने सोडणारा फकीर झाला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. अशा कामाला पुढे घर मिळावे म्हणून १९१० साली खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. स्वभाव जमदग्नीचा. मतभेद झाले तेव्हा स्वतःच स्थापलेल्या संस्थेलाही ते दुरावले.

कागद मिळवणे हे काम सोपे नव्हते. इंग्रजांनी नेमलेल्या इनाम कमिशनची आठवण घराघरांत ताजी होती. कागद दाखवला तर इनाम जाईल, न दाखवला तरी जाईल, असा तो काळ. त्यातून भाऊबंदकीचे दावे. त्यामुळे जुनी दप्तरे परक्या माणसापुढे उघडण्यास कोणी धजत नसे. कित्येक ठिकाणी वाळवीने आणि कोकणच्या ओल्या हवेने आधीच निकाल लावलेला असे. अशा वेळी विनवणी, संताप, हट्ट, सगळे वापरून राजवाडे कागद काढवीत.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडील बहुतेक जुन्या वंशावळी पूर्वजांच्या प्रेमाने लिहिलेल्या नाहीत. त्या वतनाच्या भांडणासाठी लिहिल्या गेल्या. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण कोणाचे, यावर वाद झाला की गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई आणि वादी-प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे घराण्याची हकीकत, सादर करीत. साहजिकच प्रत्येक करीन्यात आपला पूर्वज वडील शाखेचा आणि समोरच्याचा धाकट्या शाखेचा किंवा मधेच घुसलेला! ज्या शाखेला वतन नाही ती गळून पडे. कन्यांची नावे तर बहुधा नसतच, कारण वतन मुलाकडे जाई. अशा कागदांतून सत्य काढायचे तर दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवून पारखणे भाग. अस्सल पत्र कोणते, नक्कल कोणती, मागाहून रचलेले काय, याची कसोटी मराठी संशोधनात रुजवण्याचे श्रेय राजवाड्यांकडे मोठ्या प्रमाणात जाते.

घरातल्या एका चोपडीची किंमत किती असू शकते? कारी येथील जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाने ती प्रसिद्ध केली. कान्होजी जेध्यांच्या वंशजांनी जपलेल्या त्या चोपडीत शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा नोंदलेला होता. तोवरच्या बखरी वेगळीच तिथी सांगत. पुढे इतर साधनांचाही तिला दुजोरा मिळाला आणि २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एका घराने कागद फेकला नाही, म्हणून सबंध राष्ट्राला आपल्या युगपुरुषाची जन्मतिथी सापडली.

आता आपल्या भागाकडे येऊ. राजवाड्यांनी आयुष्याच्या अखेरीस, १९२४ साली, ‘महिकावतीची बखर’ संपादित केली. महिकावती म्हणजे माहीम. बिंब राजाबरोबर उत्तर कोकणात कोणती कुळे आली, कोणाला कोणते गाव मिळाले, कोणाचे गोत्र कोणते, कुलदेवता कोणती, याची ही बाडे. सहा प्रकरणे, गद्य-पद्य मिश्र, वेगवेगळ्या काळांत लिहिलेली. त्यांतील सर्वांत जुना भाग केशवाचार्याचा, शके १३७० चा, म्हणजे इ.स. १४४८ चा. स्वराज्याची पहाट व्हायला अद्याप दोनशे वर्षे होती. मुसलमानी अंमल येऊन शतक उलटले होते आणि कुळाचाराची घडी विस्कटत होती. अशा वेळी मालाडचा नायकोराव याला देवीचा दृष्टान्त होतो, ज्ञाती गोळा होते आणि केशवाचार्य जमलेल्यांना त्यांची कुळे समजावून सांगतो. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द समर्थांच्या कितीतरी आधी या बखरीत येतो.

परंतु राजवाडे येथे टाळ्या वाजवून थांबले नाहीत. बखरीला जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेत त्यांनी एक बोचरा प्रश्न केला. कोकणात राजवटींमागून राजवटी आल्या आणि गेल्या, मग येथील सामान्य माणूस त्याविषयी इतका उदासीन कसा राहिला? त्यांचे उत्तर कठोर आहे. आमच्या लोकांना कूळ ठाऊक होते, जात ठाऊक होती, गाव ठाऊक होते. राज्य मात्र आपले वाटत नव्हते. सरकार म्हणजे सारा वसूल करणारी एक परकी टोळी, एवढीच त्यांची समजूत. वंशावळींच्या ढिगात बसलेल्या माणसाने हे लिहावे, याला विशेष अर्थ आहे. बिंब नेमका कोण आणि कोणत्या काळचा, यावर पुढील अभ्यासकांनी राजवाड्यांशी मतभेद नोंदवले आहेत, आणि त्यांच्या काही व्युत्पत्ती आज कोणी मानत नाही. हा प्रश्न मात्र अजून शिळा झालेला नाही.

पूर्वजांचे अप्रिय तेही सांगायचे, ही त्यांची रीत. भारतीय विवाहसंस्थेवरील त्यांचे लेखन प्रसिद्ध होऊ लागले तेव्हा गदारोळ उठला. राजवाडे डगमगले नाहीत. आजकाल वंशावळ म्हटली की एखादे राजकूळ शोधून त्याला आपले आडनाव चिकटवण्याची घाई दिसते. त्या मंडळींना राजवाड्यांनी दारात उभे केले नसते.

भिवंडीजवळच्या अंजूरचे नाईक घराणे घ्या. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वसई पडली. या मोहिमेमागे साष्टी-वसईतील पोर्तुगीज जाचाखाली रंजलेल्या प्रजेची वर्षानुवर्षांची खटपट होती आणि तिचे अग्रणी होते गंगाजी नाईक अंजूरकर व त्यांचे बंधू. तलवारीची कामगिरी पेशव्यांच्या दप्तरात नोंदली जातेच. परंतु वाटा कोणी दाखवल्या, निरोप कोणी नेले, जिवावर उदार होऊन माणसे कोणी जमवली, ही हकीकत ‘साष्टीची बखर’ आणि तिच्यामागची घराण्याची आठवण यांमुळे आपल्यापर्यंत पोहोचली. राजवाडे ज्या उदासीनतेवर चिडले, तिचा अपवाद आपल्या शेजारच्या गावात आहे.

मग ज्यांच्या घरी कागदच नाही त्यांचे काय? कुलवृत्तांत छापून निघाले ते प्रामुख्याने लिहित्या-वाचत्या ज्ञातींचे. या तालुक्यातील आगरी, कोळी, कुणबी, वारली यांच्या पिढ्यांनी खाड्या बांधल्या, भातशेती उभी केली, पण त्यांचे करीने कोणी लिहिले नाहीत. त्यांचा इतिहास जत्रेच्या मानात आहे, देवकात आहे, लग्नात धवलारीण गाते त्या धवळ्यांत आहे. मागांवर काम करण्यासाठी तेलंगणातून येथे येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली समाजाची कुलकथा मार्कंडेय ऋषींपर्यंत जाते आणि ती सांगणारे परंपरागत कथेकरी त्यांच्याकडे असत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर जाऊन वंशावळी सांगत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तर यात्रेकरूंच्या नावागावासह पिढ्यांच्या नोंदी आहेत. हिंदू समाजाने आपली स्मृती अशा कितीतरी हातांत वाटून ठेवली होती. मुखातली स्मृती मात्र सांगणाऱ्याबरोबर जाते, आणि तिला वाळवीइतकाही वेळ लागत नाही.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात राजवाड्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंदिर उभे राहिले. त्यांनी जमवलेले बहुतेक कागद मोडी लिपीतले. ती लिपी शाळेतून गेली, तशी घरातली दप्तरे घरच्यांनाच परकी झाली. रद्दीत जाताना त्यांना ओळखणारेही कोणी उरले नाही. मोडीचे वर्ग आज अनेक गावांत चालतात, काही महिन्यांच्या सरावाने ती वाचता येते.

श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचीही नावे घ्यावी लागतात. वतनाच्या वंशावळीने ज्यांना वगळले त्यांना धर्माने स्मरणात ठेवले. येत्या पितृपंधरवड्यात गुरुजींनी पणजीचे नाव विचारले आणि ते कोणाला आठवले नाही, तर घरातील सर्वांत वृद्ध आत्याकडे किंवा मावशीकडे वही घेऊन बसावे. नाव, माहेर, गाव, कोणत्या साली कुठून कुठे आलो, एवढे विचारावे आणि सांगणारीचे नाव व दिनांक खाली लिहून ठेवावा.