लाकडातला वाघ्या

आज बोलूया लाकडाच्या तुकड्यांतून कुत्र्याचं चित्र कसं करतात त्याबद्दल. या कामाला इंटार्सिया म्हणतात. इटलीत पंधराव्या शतकात ते भरभराटीला आलं. आपली सावंतवाडीची लाकडी खेळणी रंगवलेली असतात. इथं रंग लावायचाच नाही, लाकडाचाच रंग वापरायचा.

आमच्या गटाला पहिली मागणी एका मेंढपाळ घरातून आली. त्यांचा राखणीचा वाघ्या म्हातारा होऊन गेला होता. फोटो एकच, तोही मोबाइलमधला. त्या घरातल्या आजी एवढंच म्हणाल्या, “त्याचा डावा कान वाकडा होता, तो सरळ करू नका.” आम्ही तो वाकडाच ठेवला.

आधी फोटो मोठा छापून घ्या. त्यावरून कान, कपाळ, गाल, नाक, डोळे यांच्या रेघा काढा. प्रत्येक तुकड्याला नंबर द्या आणि केसांची दिशा बाणानं दाखवा. लाकडाचे रेषे त्याच दिशेनं आले, की केसांचा भास होतो. आराखड्याच्या दोन प्रती करा : एक कापायला, एक जुळवायला.

काळपट नाक-डोळ्यांना शिसव, तपकिरी अंगाला सागवान, फिक्या भागाला शिवण घ्या. सुताराकडचे उरलेले तुकडे चालतात, पण वाळलेले हवेत. ओलं लाकूड आकसून फटी पडतात. जाडी पाऊण इंच पुरते. करवतीचं पातं काटकोनात धरा. तिरकं गेलं तर सांधा जुळत नाही.

तुकडे आधी नुसतेच जुळवून बघा, मग कडा गोल करा. नाक पुढं दिसायला त्याखाली प्लायवूडचा तुकडा घाला. पॉलिश पेपर ८०, १२०, मग २२० नंबरचा वापरा. मास्क लावाच, शिसवाची धूळ घशाला, डोळ्यांना त्रास देते. पॉलिश वरूनच लावा, मागची बाजू कोरी ठेवा. तरच फेव्हिकॉल धरतो. मग सगळं प्लायवूडवर चिकटवा.

आता किमतीचं. वहीत तास लिहा. समजा साहित्य ४०० रुपये, काम २० तास, तासाला ६० रुपये. तर १६०० रुपये झाले. त्याखाली देऊ नका. “फावल्या वेळात तर केलं” असं कुणी म्हणालं, तर वही पुढं करा. फावला वेळही आपलाच असतो, बायांनो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं सुताराकडून एकेक तुकडा आणा. सुरुवात एका कानापासून करू.