धुऱ्याचा राखणदार



आपला गोंदिया जिल्हा धानाचा. धानाच्या बांधीत पाणी साचून राहायला हवे. धुरा फुटला, की पाणी जाते. पाण्याबरोबर कसदार माती जाते. धान सुकते.

मग धुऱ्याला राखणदार कोण? हरळी! गणपतीला वाहतो, त्याच या दूर्वा. पाऊस लागला, की हरळीच्या काड्या धुऱ्यावर वीत-वीत अंतराने दाबा. पेरापेराला मुळे फुटतात. ती माती धरून ठेवतात. उन्हाळ्यात हरळी वाळते, पावसात पुन्हा हिरवी होते. वाढली, की विळ्याने कापा, गुरांना घाला. पण उपटू नका. धुरा तासू नका.

एवढे मात्र सांभाळा. हरळी बांधीत शिरली, तर धानाचा कस खाते. नांगरताना तिच्या मुळ्या वेचून काढा. धुऱ्यावर ती राखणदार, बांधीत ती चोर!