फावड्यावरील लोहचुंबक

इंग्लंडांत नांगरलेल्या शेतांतून जुन्या वस्तु शोधीत हिंडणें हा पुष्कळांचा आवडता छंद आहे. शेतमालकाची परवानगी घ्यावयाची, एका हातांत धातुशोधक यंत्र व दुसऱ्या हातांत लहानसें फावडें धरावयाचें, आणि यंत्र वाजेल तेथें खणावयाचें, असा त्याचा प्रकार. या फावड्याच्या मुठीच्या टोकास कित्येक जण एक लोहचुंबक बसवितात. सोन्यारुप्याच्या शोधास निघालेल्या मनुष्यास चुंबकाचें काय काम, असें ऐकणारास सहज वाटेल. कारण सोनें, रुपें, तांबें, कांसें यांपैकीं कशालाही तो ओढीत नाहीं. परंतु त्याचा उपयोग होतो तो नेमका याच कारणामुळें.

धातुशोधक यंत्राच्या टोकाशीं तारेचें वेटोळें असतें. त्यांतून विजेचा बदलता प्रवाह वाहूं लागला म्हणजे भोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. खालीं धातूची वस्तु असल्यास तिच्यांत लहान लहान प्रवाह फिरूं लागतात, आणि त्यांची चाहूल लागून यंत्र वाजतें. लोखंडाचा आवाज निराळा ओळखण्याची सोय यंत्रांत असते खरी. पण गंजलेला वांकडा खिळा, कडी किंवा पत्र्याचा तुकडा पुष्कळदां चांगल्या धातूचें सोंग आणतो. खणल्यावर तो ढेकळांत मिसळून जातो. त्याचा रंगही मातीचाच, त्यामुळें डोळ्यांस दिसत नाहीं. अशा वेळीं फावडें उलटें धरून त्याची मूठ मातीवरून फिरविली, कीं खिळा टपकन येऊन चिकटतो आणि चाचपडण्याचा त्रास वांचतो. कांहींच चिकटलें नाहीं, तर शोध पुढें चालूं ठेवण्यास हुरूप येतो.

हा चुंबक बहुधा निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांच्या मिश्रणाचा असतो. इ. स. १९८० नंतरच्या दशकांत तो जपानांत व अमेरिकेंत तयार झाला. आकार नाण्याएवढा, पण ओढ जबरदस्त. मात्र तो ठिसूळ असतो. पात्यावर बसविला तर दगडावर आपटून तडकावयाचा. म्हणून त्याची जागा मुठीवर. मातींतील लोहयुक्त काळी रेती त्याला मिशांसारखी चिकटते. त्यावर कापड किंवा प्लास्टिकची टोपी घातली, तर ती काढतांच रेती आपोआप गळून पडते. यंत्राच्या वेटोळ्यापासून चुंबक दूर ठेवावा लागतो, नाहींतर यंत्र उगाच ओरडूं लागतें. ज्यांच्या छातींत पेसमेकर बसविलेला आहे, त्यांनीं तर असला चुंबक छातीजवळ आणूंच नये.

आतां चुंबकाच्या साक्षीवर कितपत विसंबावें, हा प्रश्न. विलायतेंतील एक पेनीचें नाणें दिसावयास तांब्याचें, पण इ. स. १९९२ मध्यें तें तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचें होऊं लागलें, आणि अशा नाण्यास चुंबक तत्काळ ओढतो. आपल्याकडील पोलादी रुपयावर हा प्रयोग कोणासही घरीं करून पाहतां येईल. उलट, पुरता गंजून गेलेला जुना खिळा त्याला क्वचितच दाद देतो. तात्पर्य, चुंबक फार तर वस्तूची जात सांगेल; तिची किंमत तो सांगत नाहीं. आणि लोखंड म्हणजे टाकाऊ, हा समज तर फारच घातक आहे.

सफोक परगण्यांतील सटन हू येथें इ. स. १९३९ सालीं बेसिल ब्राउन यांनीं मातीचा एक मोठा उंचवटा खणावयास घेतला. खणतांना गंजलेल्या लोखंडाचा तुकडा सांपडला. तो जहाजाच्या फळ्या जोडणारा रिव्हेट आहे, हें ब्राउन यांनीं ओळखलें. आणि पुढें प्रत्येक रिव्हेट जागच्या जागीं ठेवून ते भोंवतालची वाळू हलक्या हातानें काढूं लागले. जहाजाचें लांकूड सुमारें तेराशें वर्षांत कुजून नाहींसें झालें होतें. परंतु वाळूंतील ठसा आणि रिव्हेटांच्या रांगा यांवरून सुमारें ९० फूट लांबीच्या जहाजाचा आकार डोळ्यांपुढें उभा राहिला. त्याच्या पोटांत सोन्यारुप्याच्या अमोल वस्तु निघाल्या. पण तें जहाज होतें, ही पहिली साक्ष दिली ती गंजक्या लोखंडानें. कोणी चुंबक फिरवून ते रिव्हेट गोळा केले असते, तर टोपलीभर गंज मात्र हातीं आला असता.

याच परगण्यांत हॉक्सन गांवाजवळ ता. १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं एरिक लॉझ हे एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधावयास यंत्र घेऊन गेले, आणि त्यांना रोमन काळांतील ठेवा सांपडला. कांहीं जिन्नस वर आल्यावर लॉझ यांनीं खणणें थांबविलें व अधिकाऱ्यांस कळविलें. म्हणूनच, कोणती वस्तु कोणत्या वस्तूशेजारीं होती, ती कसल्या पेटींत ठेवली होती, याची नोंद पुराणवस्तुशास्त्रज्ञांस करतां आली. ठेव्यांत सुमारें १५,००० नाणीं निघाली. हातोडाही मिळाला, आणि त्यालाही ब्रिटिश म्यूझियममध्यें जागा मिळाली!

पुढें इंग्लंडांत १९९६ चा ठेव्यासंबंधींचा कायदा झाला. त्याप्रमाणें असें कांहीं सांपडल्यास १४ दिवसांच्या आंत कोरोनरला कळवावें लागतें. पण कायद्याच्या आधीं हाताला संयम हवा. नांगरानें वरखालीं केलेल्या मातींत चुंबकानें खुशाल खिळे वेंचावे. तेथें वस्तूंची मूळ जागा आधींच मोडलेली असते. त्याखालच्या अभंग थरांत मात्र लोखंडाचे तुकडे एका रांगेंत दिसूं लागले, तर चुंबक खिशांत घालावा, फावडें खालीं ठेवावें आणि जाणत्या माणसास बोलवावें. उचललेली वस्तु पुन्हां तेथें ठेवतां येईल; तिची मोडलेली जागा पुन्हां सांधतां येणार नाहीं.